नाण्यांची वाटणी

मला तराजूची किळस येते. भाजीवाल्याच्या किंवा वाण्याच्या तराजूची नाही. त्यांचा तो धंदाच आहे. पण घरात, जेवायच्या जागी, फरशीवर मांडलेला तराजू नुसता आठवला तरी अजून मी समोरचं ताट बाजूला सारते. आता मी खारघरला नवव्या मजल्यावर राहते. माझी मुलगी केक करते, त्यासाठी तिनं बॅटरीवर चालणारा एक चपटा काटा आणला आहे. तो ओट्यावर दिसला की मी उचलून कपाटात टाकते, आणि ती म्हणते, "आई, तुझं ना काहीतरीच असतं." तिला मी कारण कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. इथे लिहिते आहे ते धीर आला म्हणून नव्हे, खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणून.

आमचं घर वाशीजवळ शिरवण्याला. तीन भावांचा संसार, एकच ओटी, मागे तीन स्वयंपाकघरं आणि न्हाणीघर मात्र एकच, त्यामुळे सकाळी बंबापाशी रोजची भांडणं. मोठे काका रेती-विटांचा सप्लाय करायचे, मधले माझे बाबा कारखान्यात फिटर होते आणि धाकट्या काकांचं नाक्यावर किराणा दुकान. दुपारी कुणाच्या तरी चुलीवर जवळा भाजला जायचा आणि त्याच वेळी कारखान्यांच्या बाजूने वारा सुटला तर त्या वासात रसायनाचा आंबूस वास मिसळायचा. आम्हाला तो वास जेवणाचाच वाटायचा. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, वर कैरीची फोड, आणि बाहेर ट्रक रिकामा होताना रेतीचा खरखराट. माझं बालपण म्हटलं की मला हेच ऐकू येतं आणि ह्याचाच वास येतो.

आजोबांची सगळी नोकरी मोऱ्याच्या जेट्टीवर गेली. मुंबईला जाणाऱ्या लाँचची तिकिटं द्यायच्या खिडकीत ते बसायचे. आठवडाभर तिकडेच, सुट्टीला घरी. खिडकीतून एखादं जुनं, वेगळं नाणं आत आलं की ते बाजूला काढायचे आणि आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं गल्ल्यात टाकायचे. ह्यात त्यांनी कधी लबाडी केली नाही. उलट कधी कधी जास्तच टाकायचे, कारण चांदीच्या पावलीला साधी पावली देणं त्यांच्या मनाला पटायचं नाही. भोकाचे पैसे, नागमोडी कडांचे आणे, तांब्याच्या दिडक्या, राणीचे रुपये, राजाचे रुपये, एखादं अरबी अक्षरांचं, कुठल्या तरी खलाशानं टेकवलेलं. रिटायर होईपर्यंत पत्र्याची एक ट्रंक भरली होती. मग त्यांना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन बिघडलं आणि उजव्या डोळ्याचं दिसणं गेलं ते गेलंच, डाव्याला नुसता उजेड कळायचा.

तेव्हा माझं काम सुरू झालं. मी सातवी-आठवीत असेन. दुपारी शाळेतून आले की आजोबा ट्रंक ओढायला सांगायचे. एकेक नाणं हातात घ्यायचे, त्याच्यावरून अंगठा फिरवायचे आणि बोलायला लागायचे. हे अमक्या वर्षीच्या वादळात लाँच बंद होती तेव्हाचं. हे एका म्हाताऱ्यानं दिलं, त्याच्याकडे दुसरे पैसेच नव्हते, म्हणून परतीचं तिकीट आपण काढून दिलं. मी कॅलेंडरच्या कागदाची पाकिटं करायची आणि आत एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर ते सांगतील तसं. माझं अक्षर चांगलं होतं. "लिव गो शोभे, बारीक लिव, पन समदा लिव," असं ते म्हणायचे. चार वर्षं हे चाललं. सांगायला हरकत नाही, मला त्या कामाचा कंटाळा यायचा. तांब्याच्या नाण्यांनी बोटांना असा काही कळकट वास लागायचा की हात धुऊनही भाकरीला तो यायचा. पण ट्रंकेतलं प्रत्येक पाकीट माझ्या अक्षरात होतं, ह्याचा मला तोराही होता.

ट्रंकेत कडीचे रुपये अकरा होते. कडीचे म्हणजे बायकांनी गळ्यात घालायला ज्यांच्या माथ्यावर चांदीची कडी डाखून घेतलेली असते ते. कडी तुटली की तिथे खवल्यासारखा डाग राहतो. मोऱ्याच्या मासळी विकणाऱ्या बाजारकरणी कधी अडचणीत असल्या की गळ्यातला असा रुपया काढून खिडकीवर ठेवायच्या, त्याचे आजोबा चांदीच्या भावाने पैसे द्यायचे. असे दहा. अकरावा आमच्या आजीचा. मी तिला पाहिलं नाही. ती काळ्या दोऱ्यात तो एकच रुपया घालायची आणि शेवटच्या आजारात त्याची कडी तुटली, एवढंच मला माहीत. त्याच्या पाकिटात आजोबांनी सांगितलेली चिठ्ठी सगळ्यात लहान होती: "हिच्या गळ्यातला." अकराही रुपये एकाच राजाचे, सगळे घासून गुळगुळीत झालेले. आजोबा अंगठ्याने ओळखायचे. बाकी कुणी ओळखणं शक्य नव्हतं, चिठ्ठी वाचल्याशिवाय.

आजोबा गेले तेव्हा मी बारावीची परीक्षा दिली होती. तेराव्याचं जेवण उरकलं आणि लगेच वाटण्यांचं सुरू झालं, कारण सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला प्लॉट आजोबांच्या नावावर होता आणि एक बिल्डर त्यासाठी दारात गाडी लावून बसायला लागला होता. प्लॉट तिघांच्या नावावर व्हायचा तर चौथ्या वारसाची सही हवी होती. ती म्हणजे हिराआत्या, मोऱ्याला दिलेली. बहिणीने हक्कसोड लिहून द्यायची, म्हणजे मला माझा हिस्सा नको असं कागदावर सही करून सांगायचं, ही आमच्याकडे रीतच होऊन बसली होती. गावातल्या साऱ्या बहिणी देत होत्या. न देणारीला माहेर बंद. आत्यानेही निरोप पाठवला होता की सोमवारी सहीला येते, आणि आदल्या दिवशी मुक्कामाला येते.

म्हणून रविवारी सकाळी, आत्या यायच्या आत, घरातलं सगळं वाटून मोकळं व्हायचं ठरलं. भांडी झाली, पितळेचे हंडे झाले, मग ट्रंक ओढली गेली. आमच्या घरातले तिघे भाऊ एकमेकांना फसवणारे नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांची एकच गोष्ट होती: हिस्सा सारखा पाहिजे. ओटीची वाटणी करताना त्यांनी सुतळीने मापून खडूच्या रेघा मारल्या होत्या. आंब्याच्या झाडाच्या फांद्या मोजल्या होत्या. आता नाणी कशी सारखी करायची? एक नाणं तांब्याचं, एक चांदीचं, एक लहान, एक मोठं. मोठ्या काकांनी तोडगा काढला. धातू वेगळे करायचे आणि प्रत्येक धातूचे वजनावर तीन वाटे घालायचे. "कोनाला वाटाया नको का त्याला जास्ती गेला," ते म्हणाले. धाकटे काका दुकानातून तराजू घेऊन आले. पितळी पारडी, एकात अजून गुळाचा चिकटा होता.

पहिलं माप टाकलं आणि धाकटे काका थांबले. "यो कागूद कशाला तोलायचा? पाकिटं काढ गो शोभे." आणि मी बसले, मांडी घालून, पाकिटं फाडायला. कुणी जबरदस्ती केली नाही. मोठ्यांच्या कामात मला घेतलं ह्याचंच मला कौतुक. शिवाय बाबांनी सांगून ठेवलं होतं की आपल्या वाट्याच्या पैशातून तुला टायपिंगचा क्लास लावू. मी एकेक पाकीट फाडलं, नाणं परातीत टाकलं आणि चिठ्ठी बाजूच्या टोपलीत. चार वर्षं लिहिलेलं मी दोन-अडीच तासांत फाडलं. मध्येच एखादी चिठ्ठी दिसायची, वादळ, म्हातारा, खलाशी, आणि मी ती वाचायचीही नाही. टोपली भरली तशी एका काकूने उचलून बंबापाशी नेऊन ठेवली. आपल्या मूर्खपणाची आठवण माणूस एवढ्या वर्षांनीही अशी बारकाईने का ठेवतो कोण जाणे. बंबात ते कागद लगेच गेले, कारण आत्याला आंघोळीला पाणी तापवायचं होतं.

तीन पराती भरल्या. मोठे काका अंगठा जिभेला लावून लावून नाणी उचलत होते, पारड्यात टाकत होते, काढत होते, पुन्हा थुंकी लावत होते. काटा अगदी मध्ये येईपर्यंत तिघांची नजर त्याच्यावर. शेवटी एक दिडकी जास्त झाली तेव्हा त्यांनी ती सरळ बाहेर भिकाऱ्याला देऊन टाकायला सांगितली, कारण तिचे तीन तुकडे करता येत नव्हते. मग त्याच हातांनी सगळे जेवायला बसले. फरशीवर हिरवा चुरा सांडलेला, कालवणाला तांब्याचा वास, आणि तिघांच्या तोंडावर असं समाधान की जणू मोठं पुण्य पदरात पडलं.

आत्या दुपारी आली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, कपाळावर घाम. आंघोळ करून, भाकरी खाऊन ती ओटीवर टेकली आणि म्हणाली, "मी उद्याला सही करतंय. मना जमीन नको, पैसं नको. आयच्या गल्यातला रुपया तेवरा मना द्या. बाबा जायच्या आदी बोललं हुतं, यो हिराचा."

 धाकटे काका म्हणाले, "कडीचा ना? त्यातला कुटला पन घे. समदे सारखेच हाईत."

"कुटला पन?" आत्या म्हणाली. "बाबांनी चिठ्ठी ठेवली हुती त्यात. शोभेनंच लिवली ना?"

तेव्हा तिला सांगावं लागलं की चिठ्ठ्या काढल्या. कशाला काढल्या, तर वजनात येत होत्या म्हणून. आत्याला आधी ते कळलंच नाही. तिनं दोनदा विचारलं. मग ती उठून बंबापाशी गेली आणि वाकून राखेत बघून आली. मी तिच्या मागे गेले नाही, दारातूनच पाहिलं. परत येऊन ती खाली बसली आणि म्हणाली, "मंग सही पन नाय. आयचा रुपया नाय तं सही नाय." आवाज न चढवता म्हणाली. मोठ्या काकांच्या मानेची शीर तट्ट फुगली. सोमवारी बिल्डर स्वतः गाडी घेऊन येणार होता.

तिन्ही परातींतून अकरा रुपये वेचून काढून चटईवर मांडले. काळपट, गुळगुळीत, माथ्यावर डाग असलेले अकरा. आत्यानं ते एकेक उचलून पाहिले. ती अगदी लहान असताना आईच्या मांडीवर बसून तो रुपया चोखायची म्हणे, तेव्हा आपल्याला ओळखेल असं तिला वाटलं होतं. ओळखला नाही. तिचे डोळे भरले आणि ती माझ्याकडे वळली. "तुजंच अक्षर हुता ना गो? तुना ठाव आसंल. कुटला आयचा?"

मला ठाऊक नव्हतं. हे मी स्वच्छ लिहिते, कारण ह्या प्रकरणात लिहिण्यासारखं तेवढंच आहे. मला काडीचं ठाऊक नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी मान हलवली नाही, डोळा मिचकावला नाही, नुसतं म्हणाले, "शोभे, नीट बग. तुला आठवंल." माझे बाबा गरीब स्वभावाचे. आयुष्यभर कुणाचं वाईट केलं नाही असं लोक अजून म्हणतात. त्या वाक्यात काय होतं ते त्यांना कळत होतं आणि मलाही कळलं.

मी पुढे झाले. अकरातला एक उचलला, बऱ्यापैकी मधला. उलटापालटा केला. म्हटलं, "हा. राजाच्या मानेखाली चरा हाय बघ. आजोबांनी मला अंगठा धरून दाखवला हुता." चरा होता, पण तो मला त्याच क्षणी दिसला होता. आत्याने तो माझ्या हातातून घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि रडायला लागली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाबांची तू लाडकी, तुजंच काम हाय हे."   मी हसले.

इथे थांबलं असतं तर एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण धाकट्या काकांनी उरलेले दहा रुपये पुन्हा तराजूत घातले, आणि म्हणाले, एक चांदीचा तुकडा बाहेर गेला, तर तिघांच्या वाट्यातून गेला, त्याचं काय? मला वाटलं मोठे काका त्यांना गप्प करतील. मोठे काका विचार करायला लागले. बोटांवर हिशोब करून म्हणाले, चांदीच्या भावाने ऐंशी होतात. मग बाबा, माझे गरीब बाबा, म्हणाले की ऐंशीला तिनानं भाग जात नाही. म्हणून नव्वद ठरले. सख्ख्या बहिणीकडून, जी दुसऱ्या दिवशी प्लॉटचा चौथा हिस्सा सोडून द्यायला आली होती, तिच्या आईच्या रुपयाचे नव्वद. तोही तिच्या आईचा नव्हे. आत्यानं कनवटीला बांधलेली गाठ सोडली. "घ्या," ती म्हणाली. "आयचा हाय. मना पन फुकट नको." दहादहाच्या नऊ नोटा तिनं चटईवर ठेवल्या, आणि परत जाताना एसटीला पैसे उरले नाहीत म्हणून आईने तिला गुपचूप दिले. बाबांनी आपल्या तीन नोटा माझ्या हातात ठेवल्या. "क्लासच्या फीला," ते म्हणाले. मी घेतल्या. सोमवारी आत्यानं सही केली.

पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी आमची परात पिशवीत ओतून वाशीला एका नाणी घेणाऱ्याकडे गेलो. वरच्या मजल्यावर छोटा गाळा, टेबलावर हिरवं कापड, भिंग. त्यानं पाच मिनिटं नाणी चाळली आणि विचारलं, "बाकीची कुठायत?" बाबा म्हणाले, भावांकडे. "काका, तुम्ही सेट तोडला की! ही सालवार लावलेली होती, सलग. ह्यात निम्मी सालं गायब आहेत. आणि कुठे मिळाली, कशी मिळाली, काही लिहिलेलं नव्हतं?" त्यावर बाबांनी माझ्याकडे बोट केलं आणि चक्क अभिमानाने सांगितलं की हिनंच लिहिलेलं होतं, अक्षर बघायला पाहिजे होतं. त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, तिघांची एकत्र घेऊन या, मग बोलू. पण एकत्र आणायची तर पुन्हा कुणाचं नाणं कुठलं हा वाद येणार, म्हणून बाबांनी भावांना सांगितलंच नाही. तांबं तांब्याच्या भावाने गेलं, चांदी चांदीच्या. कडीच्या रुपयांना तर तो हात लावायला तयार नव्हता, ते कोपऱ्यावरच्या सराफाने वितळवायला घेतले. त्यांत आजीचा होता, काकांच्या परातींत गेला, की आत्यानं नेला तोच खरा होता, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, आम्हाला त्यात दोन फ्लॅट मिळाले, त्यातला एक विकून माझं लग्न झालं. टायपिंग मी शिकले. बरा वेग होता माझा.

तुम्हाला वाटेल संपलं. माझीही तीच समजूत होती. पण आत्यानं त्या रुपयाला पुन्हा कडी लावून घेतली आणि आपल्या घरात एक नवीनच रीत सुरू केली: सून घरात आली की उंबरठ्याच्या आत तिच्या ओंजळीत तो रुपया ठेवायचा. आणि ठेवायचा कुणी, तर शोभेनं. कारण शोभेनंच तो अकरांतून ओळखला. तिच्या दोन सुनांच्या वेळी मला आणायला मोऱ्याहून माणूस आला. मानाची साडी, पाटावर बसवणं, सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगणं. पहिल्या वेळी मी अडखळले. दुसऱ्या वेळी आजोबांच्या तोंडी दोन वाक्यं घातली, आणि ती इतकी बरी वाटली की लोकांनी डोळे पुसले.

गेल्या महिन्यात आत्याच्या नातवाचं लग्न झालं. आत्या आता ऐंशीच्या घरात, कानाने अधू, खुर्चीवर बसवलेली. मी जाणार नव्हते. गुडघ्याचं कारण सांगून टाकलं होतं. तिनं फोनवर एवढंच म्हटलं, "तू नाय आलीस तं मी पोरीला घरात कशी घेऊ?" गेले. नवी सून कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी, हसरी, चटपटीत. तिनं रुपया ओंजळीत घेतला, आत्याच्या पाया पडली, आणि मग संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "शोभाआत्या, हे सगळं पुन्हा एकदा शांतपणे सांगा ना. मी रेकॉर्ड करते. आपल्या घराचं आहे, राहायला पाहिजे." समोर म्हातारी आत्या माझ्या ओठांकडे बघत होती. मी सांगितलं. ट्रंक, चिठ्ठ्या, चटईवरचे अकरा रुपये, मानेखालचा चरा, आजोबांनी धरलेला अंगठा. दहा-बारा मिनिटं बोलले असेन. आत्या मान डोलवत होती. संपल्यावर सुनेनं मोबाइल पाहिला आणि जीभ चावली. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं, काहीच आलं नव्हतं.

"सॉरी, शोभाआत्या. परत एकदा सांगाल?"

मी पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.